पंधरा नंबरचा ओठ

—नाही नाही, ती हिरवी नळी नका घेऊ, काका. ठेवा ती. खाली ठेवा म्हणते ना— सॉरी, ओरडले नाही मी, माझा आवाजच तसा आहे, आई म्हणते लहानपणी तू भोंगा गिळलास. पण ती नळी नकोच. लावल्याबरोबर गार वाटतं, हो ना? कुणी फुंकर घालतंय असं? आणि अर्ध्या तासाने ओठ पुन्हा ओढल्यासारखे होतात, मग पुन्हा लावा, पुन्हा गार, पुन्हा कोरडं, आणि महिन्याभरात नळी संपते. संपते ना? मला कसं माहीत म्हणजे— आम्हीच बनवतो ती. ते समोरचं निळं फाटक दिसतंय ना, तो आमचा कारखाना. मी तिथे प्रयोगशाळेत असते. असते काय, परवापासून प्रमुख आहे प्रयोगशाळेची. हसा, हसा, मलाही येतं हसू, फक्त मला हसता येत नाही, हे बघा, उजवीकडे केवढी चीर पडलीय, हसले की रक्त येतं. लिप बाम बनवणाऱ्या कारखान्याची प्रमुख आणि ओठ असे— न्हाव्याच्याच डोक्यात उवा व्हाव्यात ना, तसं. दुसऱ्याच्या दुकानात बाम घ्यायला आलेय, तोही लपून. आणि घाई आहे मला. चार वाजता मालकांच्या खोलीत एका कागदावर सही करायचीय. आमच्या बाई, म्हणजे माझ्या आधीच्या प्रमुख, एकवीस वर्षं तिथे होत्या, त्यांनी लोकांचे ओठ सोलणारा बाम जाणूनबुजून बनवला, असं लिहिलंय त्यात. मी सही केली की बाईंना कायमचं घरी बसवणार, न केलेल्या गोष्टीसाठी— म्हणजे, केलेल्या. केलेल्याच. जाऊ दे. तुमच्या बामचं बघू आधी. दुकानदार तुमचं औषध शोधायला माळ्यावर गेलाय, तो काही लवकर उतरत नाही, मला अनुभव आहे.

हेल्मेट आहे हातात, म्हणजे दिवसभर गाडीवर? सामान पोचवता? वाटलंच. सगळा वारा तोंडावर, वर पाणी कमी पिता, सारखं कुठे थांबायचं म्हणून— बरोबर? मग हे सगळं रंगीबेरंगी सोडा. ही स्ट्रॉबेरीवाली— चव गोड, गोड म्हटलं की जीभ ओठावर, आणि जीभ ओठावर गेली की संपलं. थुंकी वाळते ना, ती वाळताना ओठातला होता नव्हता तो ओलावा घेऊन जाते. म्हणजे आपल्याला वाटतं आपण ओठ ओला केला, आणि आपण तो वाळवलेला असतो. ही चमकीवाली तुम्ही घेणार नाहीच. ही मधमाश्यांच्या मेणाची बरी आहे, पण कडक, थंडीत घासावी लागते, चिरेवर घासली की डोळ्यांपुढे काजवे. तुम्ही तो सगळ्यात खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा घ्या. हो, तो साधा. नुसती पेट्रोलियम जेली, वास नाही, रंग नाही, चव नाही, जाहिरातसुद्धा नाही बिचाऱ्याची. रात्री झोपताना जाड थर, सकाळी निघताना पातळ थर, आणि सोलपटं दाताने ओढायची नाहीत. एवढंच. यात तीन वर्षं कॉलेजात घालवण्यासारखं काही नव्हतं, पण मी घालवली. वर सुवर्णपदक घेतलं. आई अजून इमारतीतल्या प्रत्येकीला ते पदक दाखवते, परवा प्रमुख झाले तर पेढे वाटायलाच निघाली होती, मी म्हटलं, थांब गं चार दिवस. का थांब म्हटलं? सवय. नाही, सवय नाही. मला कधी थांबायची सवय नव्हतीच, तोच तर सगळा घोळ आहे.

बाई काय म्हणाल्या होत्या मला पहिल्याच दिवशी, सांगू? चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, हातात वितळलेल्या मेणाचं भांडं, आणि म्हणाल्या, "हुशार आहेस. आता जरा हळू हो." झालं, मी मनात धरलं. मला वाटलं, ही जुनी माणसं, यांना नवं काही नकोच असतं. मी कशासाठी आले होते माहितीये? बदल घडवायला. लिप बामच्या कारखान्यात! लोक डोंगर हलवायला निघतात, मी ओठ हलवायला निघाले. पण तेव्हा मला ते तसं वाटत नव्हतं हां, काका. मला खरंच वाटायचं, आणि अजूनही वाटतं, की माणूस तोंडाला जे लावतो ते बनवणाऱ्याने खोटं बोलू नये. यात काय चूक आहे? काही नाही. चूक पुढेच आहे.

तर बाईंनी नवा बाम तयार केला. दोन वर्षं खपून. आणि त्याची चाचणी लागली. आमच्याकडे अर्ध्या ओठाची चाचणी असते— म्हणजे ओठाचा मधला भाग सोडायचा, उजव्या अर्ध्यावर पांढऱ्या झाकणाच्या डबीतलं लावायचं, डाव्या अर्ध्यावर निळ्या झाकणाच्या डबीतलं. एकात नवा बाम, एकात नुसती जेली. कशात काय ते लावणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर मन खेळ करतं. पंधरा दिवस. रोज सकाळी दहाला खिडकीपाशी उभं राहून ओठाचा फोटो. पॅकिंगमधल्या चौदा बायका तयार झाल्या. आणि मग मी उठले. मी म्हटलं, बाई, हा अन्याय आहे, आपण काचेमागे बसायचं आणि प्रयोग गरिबांच्या ओठांवर करायचे? मीही लावणार. बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेतल्या माणसाला चाचणीत घेत नाहीत गं, त्याला उत्तराची घाई असते." मी तासभर बोलले. श्रम, शोषण, समता, सगळं आलं त्यात. शेवटी मेण थिजायला लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं बाई. तू पंधरावी. पण नियम पाळ." नियम भिंतीवर लिहिलेत, मोठ्या अक्षरात, सहीसुद्धा घेतात त्याखाली— ओठ चाटू नयेत, सोलपटं ओढू नयेत, दुसरं काही लावू नये. मी सही केली. मी सह्या पटकन करते.

आठव्या दिवशी माझा उजवा कोपरा फुटला. दहाव्या दिवशी हे असं. डावीकडे अगदी मऊ, लोण्यासारखं, आणि उजवीकडे भेगाळलेलं शेत. आरशात बघितलं आणि मला— आता लाज वाटते सांगायला— मला आनंद झाला, काका. ओठ फुटल्याचा आनंद! म्हटलं, सापडलं. इथे काहीतरी शिजतंय हे मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं, आता पुरावा माझ्या स्वतःच्या तोंडावर उमटलाय. लगेच पॅकिंगमध्ये गेले. तिथे सगळ्यात जुन्या एक मावशी आहेत, त्यांना विचारलं, मावशी, तुमचा उजवा ओठ? म्हणाल्या, "छान आहे की. थंडीत पहिल्यांदा लेकीने म्हटलं, आई तुझे ओठ फुटले नाहीत यंदा." मी म्हटलं, घाबरू नका, खरं सांगा. "अगं खरंच सांगतेय." मी म्हटलं, तुमच्यावर दबाव आहे का? "कसला दबाव? तूच दाबतेयस मघापासून माझा हात." चौदाच्या चौदा जणींना विचारलं. चौदा जणी म्हणाल्या, आम्हाला काही झालं नाही. आणि मी काय निष्कर्ष काढला असेल? सांगा. हो. चौदाही जणी घाबरलेल्या आहेत! पंधरा ओठांपैकी चौदा खोटं बोलतायत आणि एकटा माझा ओठ सत्यवादी. सुवर्णपदक आहे हो मला. संख्याशास्त्रात पैकीच्या पैकी.

आता पुढचं सांगते, पण तोंड वाकडं करू नका, मी स्वतःच पुरेसं करून झालंय. बाराव्या दिवशी बाई जेवायला गेल्या होत्या आणि त्यांची वही टेबलावर होती. ती वही त्या कुणाला देत नाहीत. मी उघडली. जनतेच्या हितासाठी उघडली— मनात अगदी याच शब्दांत म्हटलं मी. एका पानावर घटकांची यादी, आणि त्यात मेंथॉल, चांगलं भरपूर. मेंथॉल म्हणजे तेच, गार वाटायला लावणारं, ती हिरवी नळी गार लागते ना, त्यानेच. फुटलेल्या ओठावर ते झोंबतं. म्हटलं, हेच! बाहेर चपलांचा आवाज आला, मी घाईघाईने मोबाईलवर फोटो काढला, वही मिटली, आणि जागेवर येऊन अशी बसले की जणू जन्मापासून तिथेच आहे. फोटोत यादी स्पष्ट आलीय. वरच्या शीर्षकावर एक गुलाबी गोळा आलाय. तो माझा अंगठा. पान धरलेला. त्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे बघायचं मला सुचलं नाही. पुन्हा जाऊन बघावं? छे. क्रांती कुठे थांबते का, अंगठा बाजूला घ्यायला?

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये मी स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगत होतं, तिथल्या एका पोरीने एका हाताने धरलं, तिला सगळे चिमणी म्हणतात, तिनेच दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढला. आणि मी बोलले! काय बोलले, काका! लोक घास हातात धरून बसले. मी म्हटलं, आपण जे बनवतो ते लोकांचे ओठ बरे करत नाही, आपण लोकांना कोरडं ठेवतो, म्हणजे ते पुन्हा येतील! टाळ्या. मी तो फोटो छापून आणला होता, अंगठ्यासकट, तो फडकवला. टाळ्या. आणि तेवढ्यात दारात बाई. पाण्याची बाटली भरायला आल्या होत्या. सगळ्या माना तिकडे. मी म्हटलं, या, बाई, उत्तर द्या. त्यांनी ऐकलं सगळं, अर्धा मिनिट माझ्याकडे बघत राहिल्या, डोळ्यांकडे नव्हे, इथे, ओठांकडे, आणि एवढंच म्हणाल्या— "ओठ चाटणं बंद कर आधी." आणि बाटली न भरताच गेल्या. मला वाटलं, हा अपमान! तोंड बंद ठेव असं सांगतायत! मी ते वाक्यसुद्धा भाषणात घेतलं. म्हटलं, पाहिलंत? ऐकलंत? यांना आमचे ओठ बंद हवेत! सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना— माझी जीभ टाळ्यालाच लागली असती तर बरं झालं असतं. ती दुसरीकडेच लागत होती.

बसा ना त्या स्टुलावर. नको? बरं, मीही उभीच आहे. स्टुलावर नको वाटतं हल्ली.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा तयार ठेवला होता, छान वाक्यं होती त्यात. आणि मालक उठून उभे राहिले माझ्यासाठी. म्हणाले, तुमच्यासारखी निर्भीड तरुण माणसं हवीत आम्हाला. बाईंना चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवतो. नवा बाम रद्द. जुना हिरवा आहे तो चालूच ठेवू, लोकांना आवडतो. आणि बाईंची जागा तुम्ही घ्या. मी काय म्हटलं? जुना हिरवा म्हणजे कुठला, त्यात काय असतं, असं विचारलं? नाही. मी म्हटलं, सर, हा माझा नाही, सत्याचा विजय आहे. खरंच म्हटलं असं. मोठ्याने. त्यांनी मला चहा पाजला. स्वतः मान खाली घालून साखर ढवळत होते, आता वाटतं, हसू लपवत असतील. दोन वर्षं बाई त्यांच्या मागे लागल्या होत्या की ती हिरवी नळी बंद करा, आणि त्यांना बाईंना घालवायला निमित्त मिळत नव्हतं. मी गेले की घेऊन. तबकात घालून, वर अंगठा ठेवून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी लहानपणापासून वाचत आले, पण फाशीचा दोर वळणारी मीच असेन आणि वर चोराच्या हातचा चहा पिईन— हे नव्हतं वाचलं कुठे.

आज सकाळी बाईंच्या कपाटाची किल्ली मिळाली मला. वही आत होती. आता ती माझीच वही, कुणी येण्याची भीती नाही, तरी मी दार लावून घेतलं. ते पान उघडलं. अंगठ्याखालची ओळ होती— 'सध्या विक्रीत असलेला हिरवा बाम. बंद करावा ही विनंती, तिसऱ्यांदा.' खाली तारीख. मग पान उलटलं, फक्त एकदा उलटलं, एवढंच करायचं होतं त्या दिवशी— तर तिथे नवा बाम. पांढरं झाकण. मेंथॉल नाहीच. आणि त्याच्याखाली चाचणीचे निकाल, बाईंच्या बारीक अक्षरात, एक ते चौदा, सगळ्यांपुढे 'उत्तम', 'उत्तम', एक 'बरा, पाणी कमी पिते'. आणि पंधरा नंबरपुढे— थांबा, मला पाठच झालंय— 'उजवा कोपरा सारखा चाटते. रागात असली की जास्त. गणतीत धरू नये.'

गणतीत धरू नये. तीन शब्द, काका. मी, पंधरा नंबर. अख्ख्या कारखान्यात मी सोडून कुणाचाच निकाल चुकला नव्हता.

तरी मी लगेच मानलं असेल असं वाटतं तुम्हाला? म्हटलं, मागाहून लिहिलं असेल. मग तो व्हिडिओ लावला, चिमणीने पाठवलेला. तसा तो मी बऱ्याच वेळा बघितला होता, परवापासून किती वेळा ते विचारू नका— बरं, चाळीस तरी. स्वतःचं भाषण. रात्री पांघरुणात, आवाज बारीक करून, टाळ्यांपाशी थोडा मोठा करून. पण चाळीस वेळांत मी माझ्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं, शब्दांकडे बघत होते! आज आवाज बंद करून बघितला. आणि दिसलं. 'लोकांना कोरडं ठेवतो'— चाटला. 'उत्तर द्या'— चाटला. 'अन्याय'— दोनदा. सरड्यासारखी, काका, अगदी माशी पकडणाऱ्या सरड्यासारखी, दर वाक्याला उजवीकडून जीभ बाहेर. साडेसहा मिनिटांत एकोणतीस वेळा. मी मोजलं. उशिरा का होईना, एक निरीक्षण तरी नीट केलं. नियमाखाली सही केली होती मी— आणि आपलेच दात आपलेच ओठ झालं ते. बाईंनी दारात उभं राहून मला औषध सांगितलं होतं, सगळ्यांदेखत शिव्या खात असताना, आणि मी त्याची घोषणा केली.

आला तुमचा दुकानदार. सापडलं का हो यांचं? बघा, सापडलं. हा डबापण यांच्यात धरा, आणि एक मलाही द्या— हो, तोच, खालच्या फळीवरचा. घ्या काका, झालं तुमचं. निघा आता, तुमचीही खेप खोळंबली असेल. ... निघत नाही? का? नाही, माझं काय, मी निघतेच आहे, पाच मिनिटांचं अंतर आहे, रस्ता ओलांडला की झालं. पावणेचार? पावणेचार झालेही? मी सव्वातीनला आले होते. हो, माहितीये मला, एका डब्यासाठी अर्धा तास लागत नाही. ओठ दुखत होता म्हणून आले, असं सांगितलं चिमणीला. म्हटलं, बोलायचंय मोठ्या माणसांसमोर, चिरेतून रक्त आलं तर वाईट दिसतं. ओठ काही नाही हो. ओठ दोन दिवसांत भरून येईल. मला ते वाक्य बोलता येत नाहीये.

कुठलं काय, साधं आहे. तुम्ही मालक व्हा जरा. व्हा हो, हेल्मेट ठेवा टेबलावर, असे बसा. हां. सर, मी या कागदावर सही करणार नाही. माझ्याकडून चूक झाली, पण तेव्हा उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार— नाही. नाही, अंगठा काही उपलब्ध पुराव्यात येत नाही. पुन्हा. सर, माझी चूक झाली, पण माझा हेतू— बघा. आला की नाही 'पण'? प्रत्येक वेळी येतो. सकाळपासून आरशासमोर वीस वेळा म्हटलं, दरवेळी 'पण' येतो आणि 'पण'च्या मागून पुन्हा भाषणच येतं, आणि भाषणाच्या शेवटी मीच बरोबर निघते! अन्यायावर मी आत्ता, या क्षणी, तयारी न करता तासभर बोलेन. तो अन्याय मी केलेला असला की मात्र जीभ जड.

काय म्हणालात? ... मालकांना नाही? मग कुणाला?

बाईंना?

हो. मालकांचं काय, त्यांच्या बंद खोलीत सही नाकारणं सोपं आहे, फार तर खुर्ची जाईल, आणि मी पुन्हा शूर ठरेन, ते मला आवडेलच. आणि बायकांना सांगायचं ते मी स्टुलावर चढूनच सांगेन, जिथून आरोप केला तिथूनच, चिमणीला म्हणेन याचाही व्हिडिओ काढ, हाही सगळीकडे पाठव. मावशी म्हणतील, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणू देत. हसतील. हसू देत. पण त्याआधी बाई. बरोबर आहे तुमचं. बाई दोन दिवस घरी बसल्यात, आणि मी एक फोन केला नाही. कारखान्यातल्या चारशे माणसांशी बोलले, मालकांशी बोलले, तुमच्याशी अर्धा तास बोलले, तुमचं नावसुद्धा मला माहीत नाही. एका त्यांच्याशी सोडून सगळ्यांशी.

करते. आत्ताच करते. नाही, नंतर म्हटलं की मी ते सुंदर करून टाकेन, लिहून काढेन, दोन-चार चांगली वाक्यं घालेन. आत्ताच. हा नंबर... वाजतोय. पहिल्याच रिंगला उचलत नाहीत त्या, चष्मा शोधत असतील, डोक्यावरचा— घेतला. हॅलो? बाई? मी... हो, मीच. पंधरा... बाई, एक मिनिट हं. एकच मिनिट, ठेवू नका.

काका, तुम्ही जा आता. आणि तुम्हीही, भाऊ, ते गल्ल्याचं नंतर करा, जरा आत जा ना. प्लीज. नाही, रागावले नाही. पण हे मला कुणी ऐकत असताना बोलायचं नाहीये. जा.